पुरस्कार द्यायचेत? आधी वही घाला

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेला, प्रकल्प दोन-तीन वर्षं तगला की गटात कुणीतरी म्हणतंच, "आपणही वर्षातून एकदा पुरस्कार देऊ या की." कल्पना सगळ्यांनाच आवडते. मग चर्चा थेट ट्रॉफी, पाहुणे आणि बॅनरवर जाते आणि पुरस्कार नेमका कुणाला, हा प्रश्न कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी उगवतो. तेव्हा जी नावं तोंडावर असतात त्यांनाच तो मिळतो. आणि तोंडावरची नावं म्हणजे ज्यांचं कौतुक तसंही रोज होत असतं ती.

म्हणून ट्रॉफीचा विचार शेवटी. सुरुवात वहीपासून करायची.

बोलायला सोपं जावं म्हणून एक प्रकल्प कल्पू या. द्राक्ष बागायतदारांना फवारणीची नोंद ठेवता यावी यासाठी नाशिकच्या काही मंडळींनी लिहिलेलं ॲप. निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा अंश मर्यादेबाहेर गेला तर माल परत येऊ शकतो. त्यामुळे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, याचा हिशेब लागतो. ॲप तो ठेवतं. कोड खुला आहे. मुख्य कोड इंदिरानगरचा एक जण लिहितो, बाकी काही इंजिनीअरिंगची मुलं, पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारे दोघं-तिघं, भाषांतर करणारी एक शिक्षिका, आणि दिंडोरी-निफाडकडचे वापरणारे. गट एवढाच.

पहिली पायरी: वही

निफाडचा एक बागायतदार सकाळी अकराच्या उन्हात बागेत उभा आहे. हातात रबरी मोजे, फोनवर औषधाचे शिंतोडे. ॲप उघडलं तर 'जतन करा' हे बटण दिसतच नाही. तो भावाच्या फोनवरून स्वतःच्या फोनचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो: "दादा, पांढऱ्यावर पांढरं बटण हाय, उन्हात कायबी दिसत नाही." दुपारी एक विद्यार्थी रंग बदलतो. एका ओळीचा बदल. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, नाव लागतं विद्यार्थ्याचं. बागायतदाराचं नाव कुठेच नाही, आणि महिनाभराने तो फोटोही ग्रुपच्या ढिगाऱ्यात गडप होतो.

नेमकं हेच वहीत यायला हवं. वही म्हणजे रेपोमधली (प्रकल्पाचा कोड जिथे ठेवतात तिथली) एक साधी फाइल किंवा सगळ्यांना उघडता येणारी स्प्रेडशीट. रकाने चार: तारीख, कोण, काय केलं, पुरावा कुठे आहे. पुराव्यात इश्यूचा, म्हणजे नोंदवलेल्या अडचणीचा, क्रमांक, संदेशाचा स्क्रीनशॉट, काहीही चालेल. रविवारी संध्याकाळी चहाबरोबर दहा मिनिटं पुरतात. लिहिणारे दोघं असावेत आणि त्यातला एक कोड न लिहिणारा असावा. कोडवाल्याला कोडच दिसतो, यात त्याचा दोष नाही.

काय काय नोंदवायचं याची तयार यादी हवी असेल तर 'ऑल कंट्रिब्युटर्स' नावाचा संकेत बघा. त्यात भाषांतर, चाचणी, दस्तऐवज, डिझाइन, प्रश्नांना उत्तरं देणं, कार्यक्रम भरवणं अशा प्रत्येक कामाला स्वतंत्र चिन्ह आहे आणि एक बॉट ती चिन्हं माणसाच्या नावापुढे लावतो. बॉट नाही वापरला तरी यादी उपयोगी आहे. आपण काय काय विसरतो ते तिथे चटकन कळतं.

आकडेही बघायचे असतात, नाही असं नाही. गिटमधली 'शॉर्टलॉग' ही कमांड कुणाचे किती कमिट, म्हणजे जतन केलेले बदल, हे क्षणात सांगते. पण तिच्यावर विसंबण्याआधी एकाच माणसाचे वेगवेगळे ईमेल जोडणारी 'मेलमॅप' फाइल नीट करा. कंपनीचा ईमेल, घरचा ईमेल आणि कॉलेजचा जुना ईमेल वापरणारा एकच माणूस तिथे तीन माणसं म्हणून दिसतो. शिवाय शंभर कमिट म्हणजे शंभर दिवसांचं काम की एका रात्रीत शंभरदा चुकून दुरुस्त केलेलं, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पडद्यामागच्या कामाचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि ते बरोबरच आहे. पण कच्च्या फिल्मला काठाची भोकं पाडण्यापासून रसायनं मिसळण्यापर्यंत कितीतरी काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. पडद्यावरच्या नावांत अशी कामं येत नाहीत. तुमच्या प्रकल्पातही सर्व्हरचं बिल गुपचूप भरणारा एक जण असतोच.

किमान सहा महिने वही भरल्याशिवाय पुरस्कार जाहीर करू नका. सहा महिन्यांत ती भरलीच गेली नाही, तर पुरस्कार चालवण्याएवढी चिकाटी गटात सध्या नाही, हे फुकटात कळलं असं समजा.

दुसरी पायरी: कशासाठी, हे ठरवा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुरस्काराने नुकसानही होऊ शकतं.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छानसं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले, तेव्हा आमिष दाखवलेली मुलं इतरांपेक्षा बरीच कमी वेळ चित्रं काढत बसली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचा रस मात्र कमी झाला नव्हता.

ओपन सोर्समधलं उदाहरण याहून ठसठशीत आहे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याच्या प्रकल्पात सुचवलेले बदल) पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असा मामला होता. २०२० मध्ये त्या टी-शर्टसाठी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला. कुणी 'रीडमी' या माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसडला, कुणी नुसती मोकळी जागा. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी मंडळी इतकी वैतागली की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तेवढेच मोजायचं ठरलं. २०२३ मध्ये टी-शर्टही बंद केला. नाशिकच्या एखाद्या कॉलेजात 'वीस पुल रिक्वेस्ट करणाऱ्याला पुरस्कार' असा फलक लावून बघा, आठवडाभरात तुमच्याकडेही तेच होईल. मुलांना दोष देऊन उपयोग नाही, तुम्हीच मोजपट्टी हातात दिलेली असते.

मग द्यायचेच कशाला? कारण नीट दिलेल्या शाबासकीचा परिणामही मोजला गेलाय. विकिपीडियावर संपादक एकमेकांना 'बार्नस्टार' नावाचं चिन्ह देतात, त्याची किंमत शून्य. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वाधिक काम करणाऱ्या संपादकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही जण निवडून त्यांना हे चिन्ह दिलं. पुढच्या ९० दिवसांत त्यांचं काम चिन्ह न मिळालेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त भरलं. नवख्यांबद्दल याना गॅलस यांचा २०१७ चा जर्मन विकिपीडियावरचा अभ्यास आहे. ज्या नव्या संपादकांना छोटा पुरस्कार मिळाला, त्यांचं पुढच्या महिन्यात टिकून राहण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढलं.

दोन्हीकडे पैसे नव्हते, आधी लावलेलं आमिष नव्हतं, आणि माणसाचं काम कुणीतरी पाहिलंय हे त्याला कळत होतं. आपले पुरस्कार याच वळणाचे ठेवायचे. मोजता येईल असं लक्ष्य जाहीर करायचं नाही, एवढं पाळलंत तरी निम्मे घोळ टळतात.

तिसरी पायरी: किती आणि कोणते

पहिल्या वर्षी तीन. चौथा सुचेल, तो पुढच्या वर्षीसाठी ठेवा. तीस-चाळीस जणांच्या गटात दहा पुरस्कार दिले तर ज्यांना मिळाला नाही तेच लक्षात राहतात.

केडीई या ओपन सोर्स डेस्कटॉप प्रकल्पाचे अकादमी पुरस्कार २००५ पासून दिले जातात. त्यात एक चांगल्या ॲपसाठी, एक ॲपखेरीज इतर योगदानासाठी आणि एक परीक्षकांच्या मर्जीचा, अशी ढोबळ विभागणी असते. मला ही रचना छोट्या गटासाठीही आवडते. फवारणी ॲपसाठी मी ती अशी बसवेन: एक कोडसाठी, एक कोडबाहेरच्या कामासाठी आणि एक यंदा नव्याने आलेल्या माणसासाठी. तिसरा काही झालं तरी गाळू नका. जुन्यांना पुरस्कार मिळाल्याने आनंद होतो, नव्याला मिळाला तर तो राहतो.

'सर्वोत्कृष्ट' हा शब्द टाळलेला बरा. तो लावला की लगेच तुलना सुरू होते, आणि भाषांतर करणाऱ्या ताईंचं काम मोठं की सर्व्हर सांभाळणाऱ्याचं, या वादाला अंत नाही.

पुरस्काराला माणसाचं नाव द्यायचं का? देतात. पायथन वापरणाऱ्यांच्या पायकॉन इंडिया परिषदेत २०१२ पासून केनेथ गोन्साल्विस यांच्या स्मरणार्थ पुरस्कार आहे, वेबसाइट बनवायच्या ड्रुपल सॉफ्टवेअरच्या समुदायात २०१५ पासून ॲरन विनबॉर्न यांच्या. दोघंही त्या त्या समुदायात वावरलेले, लोकांनी जीव लावलेले. तुमच्या गटात तसं कुणी असेल आणि घरच्यांची परवानगी असेल तर जरूर द्या. प्रायोजकाचं किंवा हयात मेंटेनरचं नाव मात्र नको. प्रायोजक पुढच्या वर्षी बदलतो, मेंटेनर भांडून निघून जातो.

चौथी पायरी: एक पान नियम

एकच पान. रेपोमध्येच ठेवा, म्हणजे बदल करायचा तर पुल रिक्वेस्ट करावी लागेल आणि का बदललं हे सगळ्यांना दिसेल. पात्र कोण, कोणत्या काळातलं काम धरायचं, शिफारस कुणी करायची, निवड कोण करणार, एवढं त्यात हवं. आणखी दोन वाक्यं आवर्जून घाला. एक: परीक्षक आणि मुख्य मेंटेनर त्या वर्षी पुरस्काराला पात्र नाहीत. दोन: योग्य नाव नसेल तर तो पुरस्कार त्या वर्षी दिला जाणार नाही. दुसरं वाक्य लिहिताना जड वाटतं, पण एखाद्या वर्षी तेच लाज राखतं.

दर वर्षी दिलाच पाहिजे असंही नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ पासून एक वर्षाआड दिला जातो आणि त्याने त्याचा मान तसूभरही कमी झालेला नाही. गट लहान असेल तर एक वर्षाआड देणंच शहाणपणाचं.

पाचवी पायरी: शिफारशी आणि निवड

फॉर्म लांबवू नका. तीन प्रश्न बास: कुणासाठी, त्यांनी काय केलं, ते नसतं तर काय अडलं असतं. तिसऱ्या प्रश्नावर खरी शिफारस उभी राहते. "खूप मेहनती आहे, नेहमी मदत करतो" अशा ओळी वीस येतील, त्यातून परीक्षकांच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी हे बघा: "काढणीच्या तोंडावर तारखांचा हिशेब एका दिवसाने चुकत होता. ताईंनी रात्री जागून जुन्या चाळीस नोंदी हाताने तपासल्या आणि चूक फक्त महिना बदलताना होते हे शोधून दिलं. त्या नसत्या तर आम्ही दोन आठवडे अंधारात चाचपडलो असतो." इथे परीक्षकाला विचारायला फारसं काही उरत नाही. असा एक नमुना फॉर्मच्या वरच छापा, लोक त्याच्या चालीवर लिहितात.

शेतकरी फॉर्म भरणार नाहीत, ही खूणगाठ बांधा. त्यांना व्हॉइस मेसेज पाठवू द्या. गटातल्या कुणीतरी तो ऐकून लिहायचा आणि "काका, असं लिहिलंय, बरोबर आहे ना?" म्हणून वाचून दाखवायचा. स्वतःची शिफारस स्वतः करायलाही मुभा ठेवा. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं ओशाळवाणं वाटतं, पण एकट्याने घरी बसून काम करणाऱ्याची शिफारस दुसरं कोण करणार? शिफारशी कमी आल्या तर वही उघडा. तिथली नावं परीक्षकांपुढे आपोआप ठेवायची, हेही नियमात लिहा.

निवड मतदानाने करायचा मोह होतो, लोकशाही वाटते. नाशिकमध्ये काय होईल ते सांगतो: ज्याच्या कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप मोठा, तो जिंकेल. "भावांनो, लिंकवर जाऊन आपल्या माणसाला व्होट द्या" असा संदेश ज्यांनी ॲप कधी उघडलंही नाही त्यांच्यापर्यंत जाईल. मतदान घ्यायचंच असेल तर वहीत ज्यांचं नाव किमान एकदा आहे त्यांनाच मत देऊ द्या, आणि एकच नाव निवडण्याऐवजी पसंतीक्रम लावायला सांगा. डेबियन हा लिनक्स प्रकल्प आपल्या निवडणुका अशाच पसंतीक्रमाने घेतो.

मी मात्र तीन परीक्षकांच्या बाजूचा आहे. एक कोड जाणणारा, एक वापरणारा, एक गटाबाहेरचा. ज्याच्याशी नातं, नोकरी किंवा भांडण आहे त्याचा विषय निघाला की परीक्षकाने कॉलमधून बाहेर पडायचं. प्रत्येक निवडीमागे तीन-चार ओळींचं कारण लिहायचं, कारण तेच पुढे मानपत्रावर जातं. दुसऱ्या वर्षापासून केडीईच्या अकादमी पुरस्कारांची युक्ती उचला: तिथे आदल्या वर्षीचे विजेतेच पुढचे विजेते निवडतात. परीक्षक शोधायची कटकट संपते आणि विजेता आपोआप एक वर्ष अपात्र ठरतो.

सहावी पायरी: विजेत्याला आधी विचारा

ही पायरी लोक विसरतात. नाव जाहीर करण्याआधी खासगीत विचारा: पुरस्कार घ्याल का, कोणतं नाव छापायचं, फोटो चालेल का. काही जण टोपणनावानेच काम करतात. काहींच्या कंपनीत बाहेरच्या प्रकल्पाला परवानगी लागते आणि तुमच्या उत्साही पोस्टमुळे त्यांची पंचाईत होऊ शकते. कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नका.

वस्तू, पैसे, तारीख

रोख रक्कम टाळा. हजार रुपये दिले तर वर्षभराच्या कामाची किंमत हजार रुपये झाली. पन्नास हजार दिले तर वाद, कर आणि हिशेब. रक्कम जमलीच असेल तर ती विजेत्याच्या कामाला लावा: चाचणीसाठी जुना फोन, परिषदेला जायचं तिकीट, वर्षभराचं डोमेन.

वस्तू म्हणून काचेची किंवा ॲक्रिलिकची ट्रॉफी घेऊ नका, ती कपाटावर जाऊन बसते. आपल्या नाशिकात भांडीबाजार आहे, तिथे जा. तांब्याचा एक छोटा तांब्या-भांडं घ्या आणि नाव घालून घ्या. दुकानात सुईचं छोटं यंत्र असतं. कारागीर भांडं मांडीवर धरून टिंबा-टिंबाने अक्षर उमटवतो, आणि त्या आवाजात तुमचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. म्हणून मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या, जोडाक्षरं सुटी करून दाखवा आणि "प्रकल्पाचं नाव वर, माणसाचं खाली" हे आधीच सांगा. गोल भांड्यावर लांब ओळ वळते, तेव्हा मजकूर दोन ओळींतच बसवा. आपल्या घरांत आजीच्या नावाची भांडी अजून वापरात असतात, हेही तसंच वापरात राहील. बाहेरगावच्यांसाठी कुरिअरचा खर्च आधीच धरा.

पैसे कुणाच्या तरी स्वतःच्या यूपीआयवर जमा होणार असतील, तर आलेली आणि गेलेली प्रत्येक रक्कम त्याच रेपोमध्ये लिहा, पावतीच्या फोटोसह. प्रायोजकाचे आभार मानायचे, परीक्षकांत जागा द्यायची नाही.

तारखेचं म्हणाल तर सॉफ्टवेअर फ्रीडम डे आकर्षक वाटतो, सप्टेंबरचा तिसरा शनिवार. पण २०२६ मध्ये तो १९ सप्टेंबरला, ऐन गणपतीत येतो. मग कोण येणार? २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सभागृहं भरलेली असतात आणि द्राक्षाची काढणी जोरात. ऑक्टोबरात फळछाटणी, एप्रिलात खरड छाटणी, नोव्हेंबर-डिसेंबरात मुलांच्या परीक्षा. उरतो जुलै. सटाण्याकडचे आगाप द्राक्षवाले तेव्हाही छाटणीत असतात, त्यांना आधी फोन करा. २०२७ ला सिंहस्थ आहे, त्या पावसाळ्यात बाहेरगावच्यांना खोली मिळणं अवघड. त्या वर्षी कार्यक्रम ऑनलाइन घ्या किंवा जानेवारीच्या सुरुवातीला उरका.

जागा लहान बघा. कालिदास कलामंदिरात चाळीस माणसं हरवतात. वाचनालयाचं छोटं सभागृह, कॉलेजची प्रयोगशाळा, कुणाच्या ऑफिसची गच्ची, काहीही चालेल. नाशिकात मिसळ आहे म्हटल्यावर जेवणाचा प्रश्न सुटलाच. पाहुणा बोलवायचा तर ॲप वापरणारा बोलवा, आणि मानपत्र त्यालाच वाचू द्या. भाषणाला पाच मिनिटं. विजेत्याला बोलायला लावू नका, बोलायचं असेल तर तो बोलेल.

कार्यक्रमानंतर

त्याच आठवड्यात नावं, परीक्षकांची कारणं आणि खर्च रेपोमध्ये टाका. ज्यांची शिफारस झाली पण निवड झाली नाही, त्यांना शिफारस करणाऱ्याच्या परवानगीने ते शब्द पाठवा. आपल्याबद्दल कुणीतरी असं लिहिलंय हे माणसाला कळावं, यासाठी मला ही पायरी पुरस्काराइतकीच मोलाची वाटते. तक्रारी येतील. लेखी घ्या, लेखी उत्तर द्या, आणि निकाल बदलू नका. बदलायचे असतील तर पुढच्या वर्षीचे नियम बदला. नव्या परीक्षकांना रेपोची परवानगी द्या, वही लिहिणाऱ्या दोघांपैकी एक जण बदला, आणि पुढच्या रविवारी नव्या पानावर पहिली नोंद टाका.